कळलावीची गाठ कोणी सोडायची

माय, सोमवारी चंद्रपूरच्या कॉलेजातली एक मुलगी तुझी चौकशी करत घरी आली. तू जाऊन इतकी वर्षं झाली की गावातल्या अर्ध्या लोकांना तू कोण होतीस हे सांगावं लागतं, आणि ही पाठीवर दप्तर अडकवून दारात उभी राहून विचारते, इथे एक दाई होती ना, झाडपाल्यातली जाणकार? तुझं कोणी काही विचारलं की मला अजून भीती वाटते. आधी वाटलं, मागच्या शेताच्या धुऱ्यावरचा बांबू मी तोडला त्याची तक्रार गेली असेल. मग वाटलं, ते जुनं बाळंतपणाचं प्रकरण. पन्नास वर्षांनी त्याचं कोण विचारायला येणार? पण माझं डोकं कसं चालतं ते तुला ठाऊक आहे. मी तिच्याकडे ओळखपत्र मागितलं, ते उलटंपालटं करून पाहिलं, मग विचारलं की सही कशावर घेणार, कागद कुठे जाणार, त्यापायी माझं रेशन तर अडणार नाही. शेजारचा म्हातारा ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "अबे, तुले पकडून नेऊन सरकार काय करीन? दोन टाइम खाऊच घालावं लागन." मुलगी हसली. मग मलाही हसावं लागलं.

तिचं काम साधं होतं. ग्रामपंचायतीसाठी एक नोंदवही करताहेत, गावात कोणतं झाड, कोणती वेल, तिचा कोण कसा उपयोग करत होतं, ते सगळं माणसं आहेत तोवर लिहून ठेवायचं. शेजाऱ्यानं तिला सांगून टाकलं की याच्या मायले सगळं ठाऊक होतं, कळलावीची वेल तर तिच्यासारखी कोणीच वापरली नाही. सांगितल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो मान खाली घालून पुन्हा सुपारी कातरायला लागला. कारण या गावात तुझ्या कळलावीचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं आहे. सुनेच्या अंगावर मुळी राहिली अन् सून गेली. हेच वाक्य ऐकत माझी मुलगी मोठी झाली. इथे ऐकलं, मग भद्रावतीला तिच्या मामांच्या घरी ऐकलं, आणि आज तिचे केस पिकले तरी तिच्या मनात तू तिच्या आईला मारणारी बाई आहेस. हे मला पुसता आलं असतं. मी पुसलं नाही. पत्र त्याचंच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहून मी उठून जाईन.

कॉलेजच्या मुलीला मी बोडीच्या तळ्यामागे घेऊन गेलो. पोळा तोंडावर आलाय, बांबूच्या बेटात वेल चढलेली आहे, पानांची टोकं दोऱ्यासारखी वळून फांदीला धरून बसलेली, आणि फुलं उलट्या पाकळ्यांची, खाली पिवळी वर लाल. तिनं फोटो काढले. खाली बसून तिनं काडीनं माती उकरली आणि कंद पाहिला, नांगरासारखा दोन फाट्यांचा. मी ओरडलो, हात लावू नको, लावलास तर डोळ्याला नेऊ नको. ती म्हणाली, "बाबाजी, हातमोजे आहेत माझ्याकडे, घाबरू नका." मग बांधावर बसून तीच मला सांगायला लागली. या वेलीच्या बियांना बाहेर मोठी मागणी आहे, पायाचा अंगठा सुजून ठणकतो त्या आजारावरचं औषध त्यातून निघतं. तिनं त्या सत्त्वाचं इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. तेच सत्त्व पेशींची वाढ थांबवतं, म्हणून कर्करोगासाठीही लोक त्याचा विचार करतात, पण आजाराला लागेल तितकं आणि माणसाला सोसेल तितकं यात अंतर फार थोडं आहे, तिथे गाडी अडते. या वेलीची बाकी भावंडं बहुतेक आफ्रिकेत आहेत आणि तिकडचे लोकही तिला औषध आणि विष दोन्ही म्हणून ओळखतात. रताळं समजून कंद खाल्लेली माणसं वाचत नाहीत. मी ऐकत होतो आणि मला तुझा राग येत होता. तू शाळेची पायरी चढली नव्हतीस, आणि यातलं अर्धं तू मला चुलीपुढे बसून सांगितलं होतंस.

सांगितलं म्हणजे मारून सांगितलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तू कंद आणून भाताच्या तणसावर ठेवला होतास, मी तो नांगर समजून मातीत ओढत खेळलो आणि तसाच येऊन भाकरीला हात घातला. तू भाकरी उलटायचा सराटा फेकून मारलास. मग माझी दोन्ही मनगटं एका हातात धरून दुसऱ्या हातानं राखेनं घासलंस, चिंचेच्या कोळानं घासलंस, पुन्हा राखेनं, कातडी लाल होईपर्यंत. मी रडत होतो आणि तू म्हणत होतीस, "तोंडात नाई. कधीच नाई. बाहेरून लाव, धू, अन् फेक. हिले घरात वस्तीले ठेवाची नाई." तू ती गुरांच्या उवांसाठी पानांचा रस काढून लावायचीस, तेव्हा वासराच्या तोंडाला मुसकं बांधायचीस, चाटेल म्हणून. विंचू चावला की कंद उगाळून लेप. वाताच्या गुडघ्याला लावायचा कंद तू मीठ घातलेल्या ताकात दिवसरात्र बुडवून ठेवायचीस, आणि ते ताक कुठे ओतायचं याचीही जागा ठरलेली होती, कोंबड्या जाणार नाहीत अशी. मी मुलीला हे सगळं नीट सांगितलं. ती भराभर लिहीत होती. मला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

मग तिनं विचारलं, "आणि बाळंतपणात? इतर गावांत सांगतात, अडलेल्या बाईला मुळी बांधायचे. तुमच्याकडे कुठे बांधत? अन् बांधल्यावर सोडायची कोणी, याचा काही नियम होता का?"

मी म्हणालो, जी बांधते तीच सोडते.

तिनं लिहून घेतलं. शेजारी नव्हता तिथे, आणि असता तरी त्याला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्या म्हाताऱ्या बाया एकेक करून गेल्या. आता या गावात तो नियम ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे, आणि मी तो उलटा सांगितला.

पन्नास वर्षांमागचा तान्ह्या पोळ्याचा दिवस आहे. गल्लीतून लेकरं लाकडी बैल ओढत फिरताहेत, चाकांची खडखड दारापर्यंत येऊन परत जाते आहे. बायकोला पहाटेपासून कळा लागल्या होत्या, दुपारी त्या येता येता थांबल्या. तू मागच्या दारानं जाऊन मुळी घेऊन आलीस, घासून धुतलीस, कच्च्या सुतानं तिच्या कमरेला बांधलीस आणि बाहेर माझ्याकडे आलीस. तुझे हात तू अंगापासून दूर धरले होतेस. "बापू, ऐक. ज्यानं बांधली त्यानं सोडू नाई, हे तुले ठाऊक आहे. नवऱ्यानं सोडा लागते. लेकरू भुईवर आलं का मी आवाज देईन. येजो, गाठ सोडजो, अन् मागं न पाहता नाल्यात टाकून येजो. मुळी अंगावर राह्यली तर लेकरामागं सारंच ओढून नेते. बाकी काई पाहू नोको, कोणाशी बोलू नोको." मी मान हलवली. मी तेव्हा सातवी पास होतो, माय, आणि तेवढ्यानं माझं फार बिघडलं होतं. रोपवाटिकेत मजुरांची हजेरी लिहायचो. तिथले साहेब चांगला माणूस, पण मस्करीत म्हणायचे, मुळी बांधून लेकरं होतात तर दवाखाने कशाला बांधायचे? मी त्यांच्यासोबत हसायचो. तुझ्यावर हसायचो, असंच म्हण.

तू आवाज दिलास. मी आत गेलो. लेकरू रडत नव्हतं, तू त्याला उलटं धरून पाठीवर चापट्या मारत होतीस, दुसरी बाई पाणी घेऊन धावत होती, माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बायकोनं मान वळवून मला विचारलं, "काय आहे? पोरगी आहे का पोरगा?" मला ठाऊक नव्हतं, आणि मला बोलायचं नव्हतं. मी चादरीखाली हात घातला. सूत बोटांना लागलं, ओलं होतं, गाठ एका ओढीत सुटली असती. आणि मला वाटलं, राहू दे. राहू दे अन् पाहू काय होते. उद्या साहेबांना सांगता येईल की बांधली होती, सोडली नाही, आणि काहीही झालं नाही. एवढंच मनात आलं. कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. हात बाहेर काढला, मूठ मिटली, जणू मुठीत मुळी आहे, आणि नाल्याकडे जाऊन आलो. रस्त्यात एका लेकरानं लाकडी बैल आडवा आणून ओवाळणी मागितली, मी त्याला मुठीकडे पाहून नाही म्हणालो. परत आलो तेव्हा पोरगी रडत होती आणि तू दारात उभी होतीस.

"सोडली का?"

"हो."

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रक्त थांबेना. गाडी जुंपली, बैलांच्या शिंगांवर पोळ्याचा रंग तसाच होता. गोंडपिपरीच्या दवाखान्याचा रस्ता तेव्हा नाल्यातून होता, आणि नाला यायच्या आधीच तू म्हणालीस, "फिरव गाडी." मी फिरवली. तिला शेवटची आंघोळ घालायला तुम्ही बायकाच होतात. बाहेर मी आणि तिचे वडील बसलो होतो. मला तेव्हा सगळं एकदम कळलं, की तुम्ही चादर काढणार, आणि मला उठून पळून जावंसं वाटलं. तू बाहेर आलीस. तुझी मूठ मिटलेली होती. तू माझ्याकडे पाहिलंस, किती वेळ ते मी सांगू शकत नाही. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं, बाई?" आणि तू म्हणालीस, "मीच विसरली. मुळी अंगावरच राह्यली." आत ज्या दोन बाया होत्या त्यांना नियम ठाऊक होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. त्या कधी बोलल्या नाहीत, तुझ्या शब्दाखातर. सासऱ्यांना नियम ठाऊक नव्हता. त्यांनी तुला जे म्हटलं ते मी लिहीत नाही.

मी गप्प बसलो. आणि सर्वांत वाईट काय झालं ते ऐक. सोडायची होती तेव्हा माझा त्या मुळीवर विश्वास नव्हता. दोष द्यायची वेळ आली तेव्हा मात्र माझा पुरता विश्वास बसला. लोक म्हणायचे, मुळीनं नेली, आणि मीही मान हलवायचो. बरीच वर्षं गेल्यावर गावात आरोग्याच्या बाई यायला लागल्या, त्यांना मी एकदा आडून विचारलं. दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, वार आत राहिली असेल. कंबरेला मुळी होती की नव्हती, त्यानं काय होतंय?" मला हलकं वाटायला हवं होतं. मला त्यांचा संताप आला. म्हणजे तू उगाच सोसलंस आणि मीही उगाच लपलो? परवा कॉलेजच्या मुलीलाही विचारलं, बाहेरून बांधून काही अंगात उतरतं का. ती खरं बोलली. "कातडीतून थोडंफार उतरत असेल, बाबाजी, पण तेवढ्यानं काही होतं का, ते मला नाही सांगता येणार. वाचून सांगीन." सगळे शिकलेले लोक मला एवढंच देतात. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

तुला त्यानंतर कोणी बोलावलं नाही. पलीकडच्या टोलीवर, त्या चार घरांच्या वस्तीत, एक बाई दोन दिवस अडून होती, तुझं घर ओलांडून ते लोक गाडी करून तालुक्याला गेले. ती वाचली की नाही तेही तू कोणाला विचारलं नाहीस, चुलीपुढे बसून तांदूळ निवडत राहिलीस, निवडलेलेच पुन्हा. पोरीला तू शेळीच्या दुधावर वाढवलंस. ती अकरा वर्षांची झाली तेव्हा मामा येऊन तिला घेऊन गेला, आणि जाताना ती तुझ्या पाया पडली नाही. तिनं तोंडावर म्हटलं, "तू माझी माय खाल्ली." मी अंगणात होतो. मी ऐकलं. त्या संध्याकाळी तू मला ताट वाढलंस आणि पहिल्यांदा आणि शेवटचं त्या विषयावर बोललीस. "मले ठाऊक आहे, बापू. मी तोंड उघडणार नाई. पण पोरीले तू सांगजो. आज नाई तं मी मेल्यावर सांगजो." आणि मग म्हणालीस, "जेव."

मी जेवलो. तुझा राग मला त्याच दिवसापासून आहे. तू मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल. तू माझ्या जागी जाऊन उभी राहिलीस, आणि मला उभं राहायला दुसरी जागा ठेवली नाहीस. त्या दिवशी अंगणात तू "यानं सोडली नाई" म्हणाली असतीस तर सासऱ्यांनी मला झोडलं असतं, गावानं थुंकलं असतं, आणि दोन-चार वर्षांत ते मिटलं असतं. पुरुषमाणसाचं मिटतं. तू ते स्वतःवर घेतलंस आणि वर हे एक वाक्य माझ्या गळ्यात बांधून गेलीस, की तू सांगजो. तू शेवटच्या दिवसांत नातीला बोलाव म्हणालीस. मी भद्रावतीला निरोप पाठवला, आजी आजारी आहे. एवढाच. ती का येईल एवढ्यावर? ती आली नाही आणि मी तुला सांगितलं, बस चुकली असेल. तू म्हणालीस, "हो, चुकली असन."

आज दुपारी कॉलेजची मुलगी सही घ्यायला परत आली. तिनं सगळं छापून आणलं होतं, स्वच्छ, रेघांमध्ये. शेजारीही नातवाला घेऊन येऊन बसला. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. गुरांच्या उवा, विंचू, वाताचा लेप, मीठताकात शुद्ध करणं, तोंडावाटे कधीच न देणं. माहिती देणाऱ्याच्या आईचा उल्लेख केला होता, जाणकार दाई म्हणून. मग ती वाचते, प्रसूतीसाठी मुळी कमरेला बांधली जाई, आणि बांधणारी दाईच मूल जन्मताच ती सोडत असे. तिनं मान वर केली. "हे बरोबर आहे ना, बाबाजी? कारण पलीकडच्या दोन गावांत उलटं सांगितलं. बांधणारीनं सोडायचं नाही म्हणे, नवऱ्यानं सोडायचं. तुमच्याकडे वेगळं असेल तर तसं लिहिते. काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा, नंतर वही बांधून जाते."

शेजारी म्हणाला, "बदल ना बे काई असन तं. पुस्तकात जाऊन राह्यलं."

इतकी सोपी वेळ मला आयुष्यात आली नव्हती. कोणी रडत नव्हतं, कोणी मेलेलं नव्हतं, एक हुशार मुलगी पेन उघडून बसली होती आणि नवऱ्यानं सोडायचं असं म्हणण्यापलीकडे मला काही सांगायचंही नव्हतं. मी विचारलं, ही वही कोण वाचणार? ती म्हणाली, "कोणीही वाचू शकतं. तुमच्या घरचे वाचतील, नातवंडं वाचतील." मी म्हणालो, बरोबर आहे, तसंच राहू द्या. आणि सही केली. सातवीत शिकलेली, वळणदार.

ती गेल्यावर तासाभरानं माझ्या मुलीचा फोन आला. शेजाऱ्याच्या नातवानं सही केलेल्या कागदाचा फोटो मोबाइलवर कुठेतरी टाकला होता, तो तिच्यापर्यंत गेला. तिची मुलगी आता पोटुशी आहे, भद्रावतीच्या दवाखान्यात नाव घातलंय, आठवा लागलाय, ते सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, त्या बाईचं नाव कायले लिहून घेतलं तुमी वहीत? जाणकार म्हणे. माझ्या मायले विचारा म्हणा किती जाणकार होती." मी फोन दुसऱ्या कानाला धरला. मग ती थोडी नरमली. म्हणाली, "तुमचं काही नाई म्हणत मी. तुमची तं माय होती. तिनं तुमचं घर बुडवलं तरी तुमी तिले शेवटपर्यंत पोसलं, एक शब्द वाईट बोलले नाई. एवढं मोठं मन मी कोणाचं पाह्यलं नाई, बाबा."

तोंडाशी आलं होतं, माय. खरंच आलं होतं. पण ती म्हणाली, लाइन कटते आहे, ठेवते, आणि मी म्हणालो, ठेव. आता हा कागद लिहून झालाय आणि तो कुठे ठेवायचा याचीच मला काळजी लागली आहे. ट्रंकेत ठेवला तर मी गेल्यावर तिच्याच हाती लागेल, म्हणून सकाळी पाणी तापवताना चुलीत घालीन. तुझ्यापासून मात्र एक लपवत नाही. मोठं मन आहे असं तिनं म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं.